देवीची फरशी

१ जानेवारी २०२४

निवृत्तीला सतरा महिने राहिले. वैजयंती म्हणाली, अहो, घरभर चिडचिड करण्यापेक्षा लिहीत जा, म्हणून ही वही. लिहायचंच तर खरं लिहायचं. तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. दगडाने मला कधी फसवलं नाही, माणसांचं काही सांगता येत नाही.

विभागात आता दोनच संशोधक उरलेत, दोघंही माझ्याकडे पीएच.डी. करतात. अजिंक्य सांगितलं तेवढं करतो. धम्मप्रिया सांगितलेलं करते आणि वर प्रश्न विचारते. तिचा बाप हणमंत अक्कलकोट रोडला फरशीच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर आहे, घर भवानी पेठेत. मी जातपात मानत नाही. मानली असती तर तिला घेतलीच नसती, आणि हे मी तिला स्वतः सांगितलंय. एकदा नाही, चारदा.

९ जानेवारी

पुढेमागे कुणी ही वही वाचली तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवतो. सोलापुरात घराघरात जी करडी शहाबादी फरशी आहे ती चुनखडी. कोट्यवधी वर्षांपूर्वी कर्नाटकच्या सीमेपलीकडे समुद्र होता, त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचला आणि त्याचा दगड झाला. प्रश्न एवढाच की तो समुद्र कसा होता. खोल, की गुडघाभर पाण्याचा?

१९९३ साली मी सिद्ध केलं की खोल, शांत आणि गार. तिकडच्या गुरुबसप्पाच्या खाणीतले बावीस थर घेतले, प्रत्येक थराची एक फरशी, प्रत्येकीच्या पाठीवर छिन्नीने नंबर, उ-१ ते उ-२२. उ म्हणजे उदयसिंह. त्या कामावर मला डॉक्टरेट मिळाली, नोकरी मिळाली आणि सासऱ्यांनी मुलगी दिली तीही त्याच जोरावर. अजून पोरं परीक्षेत ‘खोल, शांत, गार’ असंच लिहितात. दुसरं लिहिलं तर मी मार्क देत नाही.

१२ फेब्रुवारी

सकाळी जाऊन पाहतो तर व्हरांड्यात गुरुबसप्पाच्याच खाणीतल्या बारा फरश्या भिंतीला टेकवलेल्या आणि त्यांच्यापाशी धम्मप्रिया, ओढणी कमरेला बांधलेली, हात कोपरापर्यंत पांढरे. तीन जिने एकटीने चढवल्या म्हणे. शिपाई द्यायचा मी विसरलो होतो.

प्रत्येक फरशीच्या तोंडावर चौकोनी खड्डे. काही नखाएवढे, काही अंगठ्याएवढे, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. मला एका नजरेत कळलं, कळायला काय लागतंय? पाणी आटतं, गाळावर मिठाचे चौकोनी दाणे बसतात, वर नवा गाळ येतो, पुढे मीठ विरघळून जातं. मग खालच्या थराच्या तोंडावर खड्डा राहतो आणि वरच्या थराच्या खालच्या अंगाला, पाठीला, त्याच मापाचा उंचवटा. आता मीठ बसायचं तर पाणी आटायला हवं, आणि खोल समुद्र आटत नाही.

ती म्हणाली, “सर, हा खोल समुद्र नव्हता. हे मिठागर होतं.”

मी विचारलं, मग मला तीस वर्षांपूर्वी हे खड्डे का नाही दिसले? तर उत्तर तयार. या दगडाला कामगार देवीची फरशी म्हणतात, देवी येऊन गेलेल्या माणसाच्या तोंडावर वण असतात तसे हे खड्डे. गिऱ्हाईक घेत नाही म्हणून खाणीतच बाजूला टाकतात. आणि थोडेथोडके खड्डे असलेली आली, तर कारखान्यात आधी तोंड घासून काढतात. “तुमच्यापर्यंत ती तशी आलीच नसेल, सर.” हे सगळं बापाकडून ऐकलेलं. आम्ही त्या काळी नमुना आणला की आधी वरून घासूनच घ्यायचो, म्हणजे पोटातले थर स्वच्छ दिसतात. तिला हे सांगण्याची गरज नव्हती, म्हणून सांगितलं नाही.

फरशीवाल्याची पोर मला चुनखडी शिकवणार. डोकं असं तापलं की डबा न खाता परत आणला.

२१ फेब्रुवारी

आज धम्मप्रियाचं प्रगती सादरीकरण झालं. पुण्याहून परीक्षक आले होते. तिच्या इंग्रजीवर मी तिला तीनदा थांबवलं, वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. चौथ्यांदा आवाज कापायला लागला तेव्हा पाणी दिलं. अजिंक्य हसला, मग सगळेच हसले. शिकवताना थोडं कठोर व्हावं लागतं, माझ्या गुरूंनी तर माझ्या अंगावर वही फेकली होती.

पण परीक्षक हसले नाहीत. फोटो पुन्हापुन्हा मागे घ्यायला लावले. शेवटी मला म्हणाले, सर, हे नमुने प्रबंधासोबत मांडले तर काम फार मोठं आहे, मग तुमचं त्र्याण्णवचं मात्र पुन्हा तपासावं लागेल. मी म्हटलं, अवश्य, शास्त्र म्हणजे तेच. पोरगी खाली मान घालून उभी होती, पण कान लाल झाले होते. आनंद झाला की हिचे कान लाल होतात, हे मी चार वर्षं पाहतोय.



४ मार्च

बातमी. गुरुबसप्पाने खाण बंद केली. पाणी उपसायच्या मोटारी काढून नेल्या आणि खाण पाण्याला मोकळी सोडली. पंधरा दिवसांत चाळीस फूट पाणी चढलं. म्हणजे आता तसा खड्ड्यांचा जो काही दगड जगात आहे, तो आमच्या व्हरांड्यात. बारा फरश्या.

६ मार्च

या महिन्यात कॉलेजवर तपासणी समिती येणार. प्राचार्यांचा निरोप आला की प्रत्येक विभागाने दर्शनी भाग सजवावा. आमच्याकडे सजवायला आहे काय? दगड.

विचार केला. त्या बारा फरश्या पॉलिश करून व्हरांड्यात लावल्या तर शोभा येईल. धम्मप्रियाला आठ दिवस टेंभुर्णीच्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी पाठवायचंच होतं, ती आज गेली. टेम्पो बोलावला. चिठ्ठी दिली, “विभागाच्या शोभेसाठी. तोंडावरचे खड्डे पूर्ण घालवावेत.” खाली सही. कारखाना कुठला तर अक्कलकोट रोडचाच, जवळ पडतो.

मी कुणाचं वाईट केलेलं नाही. दगड विभागाचे आहेत, तिचे नव्हेत.

१३ मार्च

फरश्या आल्या. आरशासारख्या. टेम्पोबरोबर हणमंत स्वतः आला होता, धुतलेला शर्ट घालून. टोपी काढून उभा राहिला. मजुरी घ्यायला तयार नाही. पोरीच्या कॉलेजचं काम, घरचंच म्हणाला.

“लई खड्डं व्हतं सायेब. तीन दिस दोनी अंगानं घासलं. आता एक बी घावायचा न्हाय बगा.”

मी एकेका फरशीवरून हात फिरवला. खरंच सापडला नाही. माणूस कामाचा आहे. त्याला चहा पाजला, तो व्हरांड्यातच उभ्याने प्यायला. जाताना विचारलं, पोरगी कवा येणार, तिला दावायचं व्हतं. मी म्हटलं, येईल की, पाहीलच.

१५ मार्च

आली. जिन्यावरून बोलत येत होती अजिंक्यशी, व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि हातातली पिशवी खाली ठेवली. मी माझ्या खोलीच्या दारात उभा होतो. पहिल्या फरशीपासून बारावीपर्यंत गेली, प्रत्येकीवर तळवा ठेवून. परत पहिलीपाशी आली. मग विचारलं, “कुणी घासल्या, सर?”

“तुझ्या वडिलांनी,” मी म्हटलं. “फार मन लावून केलंय.”

ती तिथेच जमिनीवर बसली. मला वाटलं आता रडारड होणार. झाली नाही. थोड्या वेळाने उठली, तोंड धुतलं आणि टेंभुर्णीच्या परीक्षेचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले, सगळे नीट लावलेले. बरं वाटलं. शिस्त मीच लावलेली.

२ एप्रिल

धम्मप्रिया सहीसाठी आली होती. नोंदणीची मुदत २८ जूनला संपते. दोनदा मुदतवाढ घेऊन झालीय, आता मिळत नाही. त्या तारखेआधी मार्गदर्शकाची, म्हणजे माझी, सही होऊन प्रबंध जमा झाला नाही तर चार वर्षं पाण्यात. मी सगळं शांतपणे समजावून सांगितलं. प्रबंधाच्या शेवटी ‘मिठागर’ असा निष्कर्ष आहे, त्याला आधार हवा. ती म्हणाली, फोटो आहेत. मी म्हटलं, फोटोत सावलीसुद्धा खड्ड्यासारखी दिसते. दगड दाखव.

तिने फोटो परत पाकिटात घातले. मी पुन्हा म्हटलं, दगड दाखव, आत्ता सही करतो.

दुसरा मार्गही दाखवला, मी काही राक्षस नाही. शेवटचं प्रकरण बदल, ‘खोल, शांत, गार’ लिही, अजिंक्य मदत करील, महिन्याभरात डॉक्टर होशील. नको म्हणाली. एवढंच, ‘नको सर’. उर्मटपणा नाही तर काय हा.

१९ मे

त्रेचाळीस अंश. कूलरमध्ये पाणी घालायला मोलकरीण आली नाही. अजिंक्यचा प्रबंध तपासला, त्यात नवीन काही नाही, सही केली.

९ जून

आज हणमंत आणि त्याची बायको मीनाबाई घरी आले होते. वैजयंतीने त्यांना चांगल्या कपांत चहा दिला. मी काही बोललो नाही. मी असलं मानत नाही.

हणमंत खुर्चीवर बसेना. बाई घरातल्या फरशीकडे बघत बसली होती. हणमंतच बोलला. पोरगी जेवत न्हाय, बोलत न्हाय. आमाला काय झालं त्ये सांगत न्हाय, नुस्तं म्हणती दगड गेलं. सायेब, म्या घासलं म्हणून गेलं का? मला कुटं म्हाईत, त्यात काय व्हतं. चूक माजी हाय, पोरीला शिक्षा नगा देऊ.

आणि मग त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. “ह्यात असंच लिवलंय न्हवं? का म्या उलटं वाचलं?”

मी चिठ्ठी घेतली, वाचली, टेबलाच्या खणात ठेवली. म्हटलं, हणमंतराव, झालं ते झालं. कामगाराच्या हातून अशा चुका होतात, मनाला लावून घेऊ नका. त्याने हात जोडले. खरं सांगायचं तर मला त्याची कीव आली.

ते गेल्यावर वैजयंती कप विसळता विसळता म्हणाली, चिठ्ठीवर अक्षर तुमचं होतं. मी म्हटलं, सही पण माझी होती, मग? तिने कप पालथे घातले आणि आत गेली. हल्ली तिचं हे असंच चालतं.

२८ जून

शेवटचा दिवस. पाच वाजेपर्यंत कार्यालयात बसून होतो, आली असती तर निष्कर्ष बदलून घेऊन सही केली असती. आली नाही. तिच्या कपाटाची किल्ली मात्र टपालाने आली, आत एक चिठ्ठीसुद्धा नाही.

३० ऑगस्ट

अजिंक्यने बातमी आणली. धम्मप्रियाने गुलबर्ग्याला नव्याने नोंदणी केली, पहिल्यापासून. इकडे मंद्रूपच्या एका शाळेत तासावर शिकवते. रोज एसटीने जाते. मी विचारलं, विषय कुठला घेतलाय? म्हणाला, तोच. मला हसू आवरेना. तोच विषय, आणि दगड? पाण्याखाली चाळीस फूट. घे म्हणावं बुडी.

७ ऑक्टोबर

वैजयंती न्हाणीघराच्या बोळात पाय घसरून पडली. मनगट मोडलं. या जुन्या फरश्या झिजून गुळगुळीत झाल्यात. दिवाळीआधी टाइल्स बसवून घ्यायच्या ठरलं.

या बोळातल्या बावीस फरश्या म्हणजे माझे ते नमुने. त्र्याण्णवला डॉक्टरेट झाली, घराचं काम निघालं होतं, विभागात ठेवायला जागा नव्हती. मग इथे बसवून टाकल्या. तीस वर्षं आम्ही ‘खोल, शांत, गार’वरून चालतोय असं मी पाहुण्यांना सांगायचो.

जुन्या फरश्या काढून न्यायला हणमंतला निरोप दिला. घासून विकेल, नाहीतर घरात बसवेल. आपल्याकडून तेवढंच. मनात किल्मिष नको.

१९ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सकाळी हणमंत पहार घेऊन आला. बोळाच्या टोकापासून एकेक फरशी उचलून अंगणात उलटी ठेवत गेला. मी चहा पीत पायरीवर बसलो होतो. सातवी की आठवी असेल. पाठीवर सिमेंटचे पोपडे, त्यात कोरलेलं उ-१४. आणि नंबराच्या शेजारी, जिथे सिमेंट धरलं नव्हतं तिथे, पाच चौकोनी उंचवटे. पट्टीने आखल्यासारखे. नखाएवढे तीन, अंगठ्याएवढे दोन.

बाकीच्याही उचलायला लावल्या, सगळ्या पाहिल्या. बावीसपैकी सोळांवर आहेत.

मी या फरश्या कधी उलटून पाहिल्याच नव्हत्या. नंबर पाथरवट कोरायचा, मी लांबून सांगायचो. उलट्या-सुलट्या करायला माणसं होती. तोंडाकडून घासून घेतल्या, घासलेलं तोंड भिंगाखाली घातलं आणि खोल समुद्र लिहून मोकळा झालो. वैजयंती तीस वर्षं मिठागरावरून पाण्याच्या बादल्या नेत होती.

हणमंत उ-१४ पाशी उकिडवा बसला होता. त्याने उंचवट्यांवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “ह्या बी घासायच्या का, सायेब?”

मी ओरडलोच. म्हटलं, हात लावू नकोस, राहू दे सगळ्या, घरी जा.

२४ ऑक्टोबर

पाच दिवस कॉलेजात गेलो नाही. नंतर डोकं स्वच्छ झालं. मनात आलं, घाबरायचं कशाला? चूक सापडली ती कुणाला? मला. कुणाच्या नमुन्यात? माझ्या. स्वतःचा तीस वर्षांचा निष्कर्ष स्वतः मोडायला छाती लागते. किती जणांनी केलंय असं?

फेब्रुवारीत पुण्याला परिषद आहे. मी व्याख्यान देणार, ‘जुन्या नमुन्यांची फेरतपासणी, खोल समुद्र नव्हे मिठागर’. निवृत्तीआधी यापेक्षा चांगलं काय हवं.

२५ नोव्हेंबर

सारांश पाठवला, स्वीकारलाही. अजिंक्यने टाइप केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की पुरावा उ-१ ते उ-२२ या फरश्यांच्या पाठीला आहे, विशेषतः उ-१४, आणि नमुने परिषदेत मांडले जातील. टाइप करताना अजिंक्य घुटमळला. सर, धम्मप्रियाचं नाव? मी विचारलं, दगड माझे, नंबर माझा, घर माझं, तिचं नाव कशात घालू? मग वाटलं, मोठेपणा दाखवावा. आभारात एक ओळ घातली, “नमुने धुण्यासाठी मदत.” तिने खूप दगड धुतलेत, खोटं नाही ते.

११ डिसेंबर

फरश्यांचं सिमेंट निघत नाही. छिन्नी लावून पाहिली तर उंचवट्याची कड उडाली. आम्ल टाकावं तर चुनखडीच विरघळेल. हे काम हातखंडा माणसाचं आहे, आणि सोलापुरात असा माणूस एकच. हणमंत.

वैजयंती म्हणाली, त्याच्याकडे नका देऊ. त्याला काय कळतंय यातलं? दगड बघायची नजर वेगळी आणि घासायची वेगळी. टेम्पो भरून बावीसच्या बावीस पाठवल्या. निरोप तोंडी दिला, तोंडाकडून पॉलिश कर, पाठीचं फक्त सिमेंट काढ. घाईत चिठ्ठी लिहिली नाही.

१६ जानेवारी २०२५

पंधरा दिवसांचं काम महिन्यावर गेलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद होता म्हणे. शेवटी आज मीच गेलो.

फरश्या शेडमध्ये ओळीने उभ्या होत्या. हणमंतने पाण्याचा हात मारून दाखवल्या. तोंडाकडून आरसा. फिरवल्या. पाठीकडूनही आरसा. एक उंचवटा नाही, एक नंबर नाही. बावीस थर, सगळे एकसारखे, कुठला कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. हणमंतने स्टूल आणलं, पाणी आणलं. म्हणाला, सिमेंट निघंना सायेब, म्हणून मशीन लावलं. “मागं पोरीच्या दगडास्नी लावलं व्हतं, तसंच. तवा तुमी चांगलं म्हणला व्हता की.”

मी विचारलं, तुला सांगितलं होतं ना, पाठीचं फक्त सिमेंट काढ म्हणून? तर शांतपणे म्हणाला, चिठ्ठी न्हवती सायेब. आमी चिठ्ठीवर काम करतो.

अडाणी माणूस. अशांच्या हातात शास्त्र दिलं ही माझीच चूक. शिव्या तरी किती घालणार? घातल्या तेवढ्या त्याने टोपी हातात धरून ऐकून घेतल्या. मोजल्या तर एकवीस. बाविसावी कुठंय? म्हणाला, एक फुटली. उ-१४ होती का विचारलं तर म्हणाला, नंबर आमी बगत न्हाय. सुट्टी व्हती म्हणून पोरगीच हितं आली व्हती, तिनं फरश्या लावल्या, ती म्हणाली एक फुटली.

म्हणजे धम्मप्रिया शेडमध्ये होती. रिक्षात बसल्यावर यावर विचार केला. तिने पाठीकडून पाहिल्या असत्या तर घासू दिल्या असत्या का? कशी देईल? या दगडासाठीच तर चार वर्षं मेली. त्याअर्थी तिने पाहिल्याच नाहीत. देव पावला.

२२ जानेवारी

व्याख्यान मागे घ्यावं का? पण सारांश छापून झाला, माझ्या नावाने, नमुन्यांच्या नंबरांसकट. मागे घेतलं तर लोक विचारणार, का? दिलं तर एवढंच विचारतील, दगड कुठेत? फोटो दाखवू. मोबाईलवर मी त्या दिवशी सहा काढले होते. थोडे अंधारात आलेत, सावल्या पडल्यात, पण माझ्या शब्दावर कोण शंका घेणार? माझ्या नावाला तीस वर्षांचं वजन आहे.

वैजयंतीने विचारलं, फोटोवर सही केली असतीत का तुम्ही? मी म्हटलं, मी काय विद्यार्थी आहे?

४ फेब्रुवारी

परिषदेचा कार्यक्रम छापून आला. माझं व्याख्यान १५ तारखेला सकाळी अकराला. माझ्या लगेच नंतर, सव्वाअकराला, कोण? धम्मप्रिया. गुलबर्गा. विषय, ‘देवीची फरशी’. असलं नाव परिषदेत चालतं आता. खाली बारीक अक्षरात छापलंय, ‘नमुना क्रमांकासह प्रत्यक्ष मांडला जाईल.’

कुठला नमुना? तिच्या बारा फरश्या आमच्या व्हरांड्यात चमकताहेत, खाणीत चाळीस फूट पाणी. तिच्याजवळ दगड उरलाय कुठला? फजिती करून घेणार पोरगी, चारचौघांत. त्या पुण्याच्या परीक्षकांचंही नाव आहे, तेच अध्यक्ष. पाहतील तेही.

वैजयंतीला करड्या रंगाचा कोट इस्त्रीला द्यायला सांगितलं. माझं झालं की उठून जाणार नाही. पहिल्या रांगेत बसून तिचं ऐकेन म्हणतो. आणि शेवटी मीच विचारेन, सगळ्यांसमोर, शांतपणे, की बाई, दगड दाखव.